खिशातले हात

"हात कुठे?"

"खिशात."

"माणूस किती लांब?"

"हातभर."

"आणि कुणी म्हणालं, बाळा, जरा हात दे, तर?"

यावर क्लिफर्ड थ्रेलफॉल हसायचा. चाळिशी उलटलेला, दारात उभा राहिला तर खोलीत अंधार होईल एवढा थोराड माणूस, पण हसला की पहिलीतलं पोर. "नाही देणार. ती बर्नीची परीक्षा असते."

"शाब्बास, कॅप्टन! चला, चिप्स."

मग दोघं इंग्लंडातल्या फ्लीटवुड बंदराच्या ट्रॅमच्या रस्त्याने निघायची. मध्ये तिसरा माणूस सहज चालेल एवढी जागा. क्लिफर्डचे दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल. कोट बर्नीनेच बाजारातून आणलेला, खलाशी घालतात तसला जाड, निळा. घेताना तिने रंग बघितला नव्हता, खिसे बघितले होते. चिप्सच्या दुकानात तो काउंटरपासूनसुद्धा हातभर लांब उभा राहायचा. गरम चिप्सची, व्हिनेगर शिंपडलेली पुडी कट्ट्यावर यायची, देणारा मागे सरकायचा, आणि मगच ह्याचा एक हात बाहेर निघायचा. पोरंटोरं फिदीफिदी हसायची. बर्नीने नुसतं वळून बघितलं की त्यांचे घास घशात अडकायचे.

आता बर्नी त्या दुकानावरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडून जाते. व्हिनेगरचा वास आला तरी ती पावलं उचलते.

बर्नाडेट स्वॉरब्रिक तिचं पूर्ण नाव. बाप मासेमारीच्या जहाजावर, आई धक्क्यावर मासे चिरणारी. आईच्या हाताचा वास कुठल्याच साबणाने जात नसे, आणि शाळेत पोरी बर्नीला बघून नाक धरायच्या. एकदा बर्नीनेच एकीचं नाक धरलं, ते बाई येईपर्यंत सोडलं नाही. पुढे जहाजं बंद पडली, बाप खिडकीत बसून समुद्राला शिव्या घालत म्हातारा झाला, आणि शाळा सुटल्या सुटल्या बर्नी माळावरच्या दगडी इस्पितळात कामाला लागली. समज कोवळी राहिलेली माणसं तिथे ठेवलेली असत. ठेवलेली म्हणजे ठेवलेलीच, फळीवर डबे ठेवतात तशी. कपडे एकाच ढिगातले, हाताला लागेल ते अंगात. सगळ्या वॉर्डाचे दात घासायचे ब्रश एका मगात. कामाला लागून आठवडा झाला नसेल, बर्नीने तो मग मुख्य सिस्टरच्या टेबलावर आपटला. "यातला तुमचा कुठला, सिस्टर?" नोकरी गेली नाही, कारण त्या कामाला दुसरं कुणी येतच नव्हतं.

शिकली ती नंतर, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन, अर्ध्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून. भांडायला लागतील तेवढीच पुस्तकं वाचली, पण ती पाठ. लग्न एकदा केलं. नवरा जाताना म्हणाला, "तुझ्याशी संसार म्हणजे रोज सुनावणी." तिला ते बोलणं एवढं आवडलं की पबमध्ये स्वतःच सांगत सुटायची.

तिचं काम लोकांना पटकन कळत नसे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाच्या हातून गुन्हा घडला की कोर्ट त्याला तुरुंगात न घालता कुलूपबंद रुग्णालयात घालतं. तुरुंगाला निदान सुटकेची तारीख असते. इथे तारीख नाही. डॉक्टर, न्यायाधीश आणि लंडनचं मंत्रालय या सगळ्यांना वाटेल तेव्हा सुटका. बर्नीसारखी सोशल वर्कर अशा माणसाला बाहेर काढायला भांडते, आणि बाहेर आला की त्याच्यावर नजर ठेवते. एका हाताने सोडवायचं, दुसऱ्या हाताने धरून ठेवायचं. ज्याला हे दोन्ही जमतं त्यानेच यात पडावं, असं ती नव्या पोरींना सांगायची. आणि मिटिंगमध्ये, पबमध्ये, बसस्टॉपवर, कुठेही छाती काढून म्हणायची, "माझा एकही माणूस परत आत गेलेला नाही."

क्लिफर्डचा गुन्हा असा. त्याला माणसांना हात लावायला आवडायचं. हात मिळवणं, खांद्यावर थाप, मिठी. आई होती तोवर गावाने चालवून घेतलं. ट्रॅमचे कंडक्टरसुद्धा आधी हात पुढे करायचे, मग तिकीट. आई वारली आणि थोड्याच दिवसांत त्याने ट्रॅममध्ये एका शिकाऊ नर्सला मिठी मारली. ती घाबरली, रडायला लागली. रडणाऱ्याला घट्ट धरायचं, हे त्याला आईने शिकवलेलं. त्याने आणखी घट्ट धरलं. झटापटीत दोघं दारातून खाली पडली आणि तिचा जबडा मोडला. त्या मुलीची यात तसूभर चूक नव्हती. ती पुन्हा कधी ट्रॅममध्ये चढली नाही. बर्नी तिचं नाव कधी विसरली नाही, आणि क्लिफर्डला बाहेर काढताना ते नाव आपल्यापुढे ठेवूनच काढलं. पण हेही खरं की शनिवारी दारू पिऊन कुणी तोच जबडा मोडला असता तर तो काही महिन्यांत घरी आला असता. क्लिफर्डचे केस आत पिकले.

रुग्णालयाने त्याच्यासाठी चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा केला होता. या पत्त्यावरचं माणूस ओळखीचं, याच्याशी हात मिळवायचा. हे अनोळखी, याच्याशी नाही. हे माणूस पडलंय, याला उचलायचं. क्लिफर्ड पत्ते बघायचा आणि गोंधळायचा. अनोळखी माणसाला चारदा बघितलं की तो त्याला ओळखीचा वाटायचा. बर्नीने सगळे पत्ते बाजूला सारले. "नियम एक. फाटे नाहीत. हात खिशात, माणूस हातभर लांब."

तिथे नायला नावाची तरुण मुलगी होती, बोलण्या-समजण्याची तज्ज्ञ. तिने पडलेल्या माणसाच्या चित्राचा पत्ता हातात धरला. "आणि हे, बर्नी? कुणी पडलं तर?"

"कोण पडतंय?"

"बर्फात कुणीही पडेल."

"मग दुसरं कुणीतरी उचलेल. या गावात काय माणसं कमी आहेत?" बर्नीने तो पत्ता तिच्या हातातून काढून घेतला. "ह्याला सुनावणीत न्यायाधीश विचारणार. तेव्हा ह्याने 'जर' आणि 'पण' सुरू केलं की संपलं. तुला ह्याला हुशार करायचंय की बाहेर काढायचंय?"

नायलाने उरलेले पत्ते गोळा केले. पुढे ती नवऱ्यामागे न्यूझीलंडला गेली.

सुनावणीत न्यायाधीशबाईंनी स्वतः विचारलं आणि क्लिफर्डने घंटेसारखी खणखणीत उत्तरं दिली. सुटला. पण सशर्त. राहायचं मदतनीस असलेल्या घरात, नजर बर्नीची, आणि मंत्रालयाला जरा जरी धोका वाटला तर कुणाला न विचारता परत आत.

त्या "जरा जरी"चीच बर्नीला धास्ती. म्हणून तिने परीक्षा सुरू केल्या. ऑफिसातल्या कुणालातरी बाजारात पाठवायची. पिशवी पाडून ती बाई म्हणायची, "ए राजा, जरा हात दे की." क्लिफर्डने हात बाहेर काढला की त्या शनिवारी चिप्स नाहीत. नाही काढला की बर्नी खांबाआडून बाहेर येणार, "शाब्बास, कॅप्टन!" पुढे पुढे ती स्वतःच अचानक हात पुढे करायची, "मिळव ना हात, आपण मित्र ना?" सुरुवातीला तो फसायचा. एकदा फसला आणि चिप्स बुडाले तेव्हा भर रस्त्यात ढसाढसा रडला. मग फसणं बंद झालं. या परीक्षांना वरून परवानगी नव्हती. बर्नी विचारत नसे, सांगत असे; हे तर तिने सांगितलंही नाही.

बाहेरच्या जगात त्याचं रक्ताचं एकच माणूस, डोरीनमावशी. आईची धाकटी बहीण, पंचाहत्तरीच्या पुढची, काडीसारखी आणि तोंडाने तिखट. बाजाराच्या दिवशी सकाळी ती त्याला घेऊन निघायची, लोकर आणि बटाटा भरलेली पेस्ट्री घ्यायला. तीही हातभर अंतरावरून. "मला याच्याबरोबर चालायला रस्ता रुंद करून द्या म्हणावं कौन्सिलला," असं ती बर्नीला टोमणा मारायची. बर्नी हसायची.

जानेवारीतल्या एका बाजाराच्या दिवशी बर्नीला घरातल्या मदतनिसाचा फोन आला.

"बर्नी, क्लिफर्डची मावशी पडली. ट्रॅमच्या फलाटावर. बर्फ होतं."

"अरे देवा. आणि क्लिफर्ड?"

"क्लिफर्डने काही केलं नाही."

"हां, मग बरं."

"बरं नाही, बर्नी. काहीच केलं नाही त्याने."

फलाटासमोर पॉलिन कॅटेरॉलचं कपडे धुवायचं दुकान. बर्नी पोचली तेव्हा पॉलिन दारातच हातवारे करून चौघांना सांगत होती.

"शटर उघडलं तर हा उभा. मला वाटलं ट्रॅमची वाट बघतोय. मग बाकाखालून बूट दिसला, बाईचा! धावले. म्हातारी निळी पडली होती थंडीने. 'हात दे, हात दे' करत होती, आवाज बसलेला. आणि हा खिशात हात घालून बघतोय, टीव्हीवर मालिका लागल्यासारखा! फोनसुद्धा केला नाही."

"त्याच्याकडे फोन नसतो," बर्नी म्हणाली.

"तोंड तर असतं?"

"आणि तू किती वेळ काचेआडून बघत होतीस गं, ट्रॅमची वाट बघतोय म्हणून?"

पॉलिनचं तोंड लाल झालं. "बूट दिसल्याबरोबर धावले मी. मला कुणी शिकवावं लागलं नाही, बर्नी स्वॉरब्रिक!"

बर्नी वळून रस्त्याला लागली. 

दुपारपर्यंत कुणीतरी काढलेला फोटो गावभर फिरला. खाली पडलेली म्हातारी, शेजारी खिशात हात घातलेला धिप्पाड माणूस. जुनी ट्रॅमची गोष्ट लोकांनी उकरून काढली. असल्याला बाहेर सोडतातच कसे, राक्षस आहे राक्षस. मंत्रालयातून रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन आला. दोन दिवसांनी बैठक ठरली. विषय एकच, क्लिफर्डला परत आत घ्यायचं का.

बर्नी त्याच्याकडे गेली तेव्हा तो पलंगावर बसला होता. कोट अंगात, हात खिशात. तिला बघून उजळला.

"बर्नी! मी नाही फसलो."

ती दारातच थांबली. "काय म्हणालास?"

"मावशीला पाठवलंस ना तू? ती म्हणाली हात दे. मी नाही दिला. ती म्हणाली, अरे बाळा, खरंच लागलंय. मी तरी नाही. ती रडली, बर्नी. मावशी कधी रडत नाही. मी म्हटलं ही मोठी परीक्षा." तो दम घ्यायला थांबला. "तुला शोधलं. बाकाच्या मागे बघितलं, खांबाच्या मागे बघितलं. तू लवकर का नाही आलीस?"

बर्नी खाली बसली, गालिच्यावरच. तिच्या डोळ्यांसमोर तो फलाट आला आणि त्यावर हा, मान वळवून वळवून तिला शोधणारा.

"हात बाहेर येत होते," क्लिफर्ड म्हणाला. आता त्याचा चेहरा पडला होता, कबुली दिल्यासारखा. "ऐकत नव्हते. मी धरून ठेवले. पण खिसा फाटला. रागावू नकोस."

त्याने कोट उघडून दाखवला. दोन्ही खिशांची शिवण खालपासून उसवली होती, अस्तर चिंध्या होऊन लोंबत होतं. बर्नीने पारखून घेतलेलं जाड कापड ते. दोन माणसांनी ओढून फाटलं नसतं. त्याच्या तळव्यांत नखं रुतून काळेनिळे चंद्र उमटले होते.

"नाही रागावत," ती म्हणाली.

"मग चिप्स?"

  हो म्हणावं तर मावशीला बर्फात पडू दिल्याचं बक्षीस. नाही म्हणावं तर तो म्हणणार, मी कुठे चुकलो? आणि तो कुठेच चुकला नव्हता. "दुकान बंद आहे आज," ती म्हणाली. खोटं बोलली. क्लिफर्डने मान हलवली. त्याचा तिच्यावर विश्वास होता.

डोरीनमावशीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालेलं. उशीला टेकून बसली होती, चेहरा कागदासारखा, जीभ शाबूत.

"ये बर्नाडेट. लांबच बस, हातभर. नियम आहे ना?"

"डोरीन, मी..."

"थांब. मला आधी सांगू दे. मी खाली पडले ते पडले, माझं म्हातारपण. पण त्या पोराला मी तो दोन वर्षांचा असल्यापासून पुसलंय, नाकापासून ढुंगणापर्यंत. आणि तो माझ्याकडे बघत थरथरतोय, भिंतीला बांधल्यासारखा. तुझं नाव घेत होता. बर्नी, बर्नी. मला वाटलं मदतीला बोलावतोय." तिने उशी सावरली. "त्याला कुणी हेही नाही शिकवलं की मावशी म्हणजे परकं माणूस नव्हे?"

"नियमाला फाटे फोडले असते तर तो सुटला नसता."

"त्या पोरीच्या जबड्यासाठी त्याचे हात आवरायला हवेच होते. मी कधी नाही म्हटलं? पण हात आवरायला शिकवणं वेगळं, आणि तू केलंस ते वेगळं. कुत्र्याला बिस्किट दाखवून बसवतात तसं बसवलंस त्याला. आणि कुत्रंसुद्धा गं, मालक पडला तर भुंकतं."

बर्नीचे डोळे भरले. "माफ कर मला."

"ह्या तुझ्या माफीचं मी काय करू, सूपमध्ये घालू?" डोरीनने तोंड फिरवलं. "माझ्यापुढे रडू नकोस. मला ठाऊक आहे तो तसा का उभा होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापुढे जाऊन रड. त्याला परत नेणार आहेत म्हणतात."

"मी लढेन."

"लढशील गं. तुला लढायला आवडतंच. खरं सांगशील का?"

हा घाव बसला, कारण रस्ताभर बर्नी लढायचीच तयारी करत होती. फोटो अर्धवट आहे, लोक पूर्वग्रहदूषित आहेत, धक्क्याने माणूस गोठतो. सगळं मांडून झालं होतं, आणि त्यात परीक्षा कुठेच नव्हत्या. त्या नायलालाही माहीत नव्हत्या, डोरीनला फक्त नियम आणि चिप्स ठाऊक होते. ऑफिसातल्या ज्या बायका पिशव्या पाडायच्या त्यांना ती मंजूर पद्धत वाटायची. पूर्ण गोष्ट दोघांनाच ठाऊक, बर्नीला आणि क्लिफर्डला. आणि क्लिफर्डला कोण विचारणार होतं?

बैठकीला बर्नी पिशवीत कोट घालून गेली. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. काढायचा की नाही, हे अजून ठरलं नव्हतं.

रुग्णालयाचे डॉक्टर फोलारिन भला माणूस, शांत, कुणावर आवाज न चढवणारा. बर्नीचं आणि त्यांचं अनेकदा वाजलं होतं, तरी एकमेकांना धरून होते. मंत्रालयाची बाई भिंतीवरच्या पडद्यावर. शिवाय गावचा पोलीस सार्जंट.

"जवळचं माणूस समोर विव्हळतंय आणि चेहऱ्यावर रेष हलत नाही," डॉक्टर म्हणाले. "याची मला काळजी वाटते. माझं मत, काही आठवडे आत घेऊन तपासू. पुन्हा शिकवू."

काही आठवडे. त्या इमारतीतले आठवडे कसे वाढतात हे बर्नीइतकं कुणी पाहिलं नव्हतं. क्लिफर्डची खोली महिनाभरात दुसऱ्याला जाईल. डोरीन परत चालायला लागेल तेव्हा भेटीसाठी तिची पर्स तपासली जाईल.

तिने पिशवी आणखी जवळ ओढली, तशी डॉक्टरांना तिची दया आली. ते तिच्याकडे झुकले. "मिस स्वॉरब्रिक, तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. तुम्ही जीव तोडून शिकवलंत. ऐन वेळेला तो सगळं विसरला, त्याला तुमचा काय इलाज?"

दार उघडंच होतं. नुसतं मान खाली घालून बसायचं. क्लिफर्ड विसरला, बर्नीचा इलाज नाही. चांगल्या माणसाने, चांगल्या मनाने पुढे केलेलं वाक्य. फक्त उचलायचं.

"विसरला?" बर्नी म्हणाली. आवाज चढला होता, आणि या खेपेला राग कुणावर ते तिला पक्कं माहीत होतं. "एक अक्षर विसरला नाही तो, डॉक्टर. विसरला असता तर म्हातारी बर्फावर पडून राहिली नसती."

मग तिने कोट टेबलावर ठेवला आणि खिसे उलटे केले.

"ही बघा तुमची न हललेली रेष. हात बाहेर येत होते, त्याने कापड फाटेपर्यंत धरून ठेवले. का? तर मी त्याला बाजारात माणसं पाठवून फसवत होते. हात दे म्हणायला लावत होते. दिला की शिक्षा, नाही दिला की चिप्स. मावशी पडली तेव्हा त्याला वाटलं, मीच पाठवलीय. तो मला शोधत होता त्या फलाटावर. आणि पडलेल्याला उचलायचं, हा तुमच्या गठ्ठ्यात पत्ता होता, डॉक्टर. तो मी काढून टाकला."

 सार्जंटने बोटाने कोटाचं अस्तर उचलून बघितलं आणि हळूच खाली ठेवलं.

"या परीक्षांना परवानगी कुणाची होती?" पडद्यावरच्या बाईने विचारलं.

"कुणाचीच नाही."

"का केल्यात?"

इथे ती लोकांचं दुर्दैव, व्यवस्थेचं क्रौर्य, मंत्रालयाची ती "जरा जरी"ची तलवार, यातलं काहीही सांगू शकली असती. सगळं खरंच होतं. "माझा एकही माणूस परत आत गेलेला नाही," बर्नी म्हणाली. "हे मला म्हणता यावं म्हणून."

डॉक्टर फोलारिननी कोट आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "याला आत घ्यायचं कारण मला आता दिसत नाही." बर्नीकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

क्लिफर्ड बाहेर राहिला. बर्नीला त्याच्या कामावरून काढलं, ऑफिसने चौकशी लावली, आणि चौकशी संपेपर्यंत बाकीची माणसंही दुसऱ्यांना वाटून दिली. तिचा एकही माणूस परत आत गेला नाही, हे वाक्य अजूनही खरं आहे. ते तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही.

निरोपाची एक भेट तिला दिली. ती डोरीनच्या घरी ठरली. डोरीन आता वॉकरच्या चौकटीला धरून चार पावलं टाकत होती. क्लिफर्ड कोपऱ्यात उभा, नवा कोट, जुने हात.

"क्लिफर्ड," बर्नी म्हणाली, "नियम बदललाय. मावशीला हात द्यायचा. मला दाखव बघू." आणि सवयीने तिने आपला हात पुढे केला.

क्लिफर्ड तिच्या हाताकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते पहिलीतलं हसू पसरलं.

"नाही फसणार, बर्नी."

"अरे, ही परीक्षा नाही. शपथ."

"मागे पण शपथ म्हणाली होतीस."

म्हणाली होती. तिला आठवलं. बाजाराच्या दारात, पावसाळी दुपारी, हात पुढे करून, हसत. तिने हात मागे घेतला. तिच्या तोंडून निघालेलं काहीही आता त्या चिप्सच्या पुडीतूनच निघत होतं.

"झालं तुमचं?" डोरीन म्हणाली. ती चौकटीवर भार देत देत, दातावर दात आवळून, खोली ओलांडून त्याच्यासमोर आली. क्लिफर्ड मागे सरकला, पाठीला भिंत लागली. "अजून कुठे जाशील? घर माझं आहे."

तिने चौकटीवरचा एक हात सोडला आणि सरळ त्याच्या कोटाच्या खिशात घातला, त्याच्या हाताशेजारी.

"हात खिशातच आहेत की नाही? तुझाही आणि माझाही. मग?"

 क्लिफर्डचं अंग ताठ झालं. त्याने मावशीकडे बघितलं नाही. त्याने बर्नीकडे बघितलं. डोळे मोठे करून, वाट बघत. चुकलं का? बरोबर का? सांग.

मान हलवावी, हसावं, शाब्बास म्हणावं, हे सगळं बर्नीच्या ओठावर आलं. यातलं काहीही केलं तरी तो पुन्हा नियमच होणार होता, तिचा. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली, त्याला आपला चेहरा दिसू नये म्हणून. बाहेरून ट्रॅम गेली. काचेवर तिचंच तोंड आलं. तिने मान आणखी खाली घातली.

मागून कापड सरकल्याचा आवाज आला.

"केवढे गार आहेत रे हात तुझे," डोरीन म्हणाली. "माझा दाबू नकोस एवढा, म्हातारीची हाडं आहेत."